बारमाही

मी गाडीचे टायर बदलले तेव्हा एकूण चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा चहाची. दुकानदाराने दाखवले ते घेतले, पैसे दिले, घरी आलो. पार्किंगमध्ये टायरकाका उभेच होते. खाली वाकून त्यांनी मोबाइलचा टॉर्च पुढच्या डाव्या टायरवर फिरवला आणि म्हणाले, "विचारलं होतंस का कुणाला?"

त्या टायरांवरची माझी माया गेली ती तेव्हाच.

टायरकाका आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहतात, पण एखादे तुमच्याही सोसायटीत असतीलच. मिक्सर असो, मेडिक्लेम असो की भाचीला आलेलं स्थळ, आधी अभ्यास आणि मग (झालीच तर) खरेदी, अशी ही जमात. गेल्या वर्षी काकांच्या अभ्यासाला टायर सापडले. गाडी २०१६ची. वर्षाला चार हजार किलोमीटर चालते : तळेगावची बहीण, बालेवाडीतली लग्नं आणि मे महिन्यात ताम्हिणीतून कोकण. त्यामुळे टायर घासून गोटा वगैरे झाले नव्हते. नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं तर खाच चांगली साडेचार मिलिमीटर भरली, कायद्याला १.६ पुरते. पण रबर म्हातारं झालं होतं. कडेला बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या. "माझ्या टाचांसारख्या," काकू म्हणाल्या. गुढीपाडव्याला अभ्यास सुरू झाला.

मुलगी जर्मनीत असते. तिकडे थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. ऑक्टोबरात चढवायचे, ईस्टरला उतरवायचे. ज्यांना ही चढउतार नको, त्यांच्यासाठी ऑल सीझन. त्याच्या अंगावर तीन शिखरं आणि मध्ये हिमाचा कण असं चिन्ह असतं. हे ऐकल्यापासून काकांना साधा टायर म्हणजे बिनहॉलमार्कचं सोनं वाटू लागलं. मला बरोबर घेऊन ते नाना पेठेत गेले.

"ऑल सीझन आहे?"

"काका, आपला टायर मेमध्ये पण चालतो, जुलैमध्ये पण."

"आणि थंडीत? सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. १७ जानेवारी १९३५ला पुण्यात १.७ होतं. शिमला ऑफिसची नोंद आहे."

"तेव्हा गाडी होती तुमच्याकडे?" दुकानदार म्हणाला. तोही पुण्याचाच.

शिमला ऑफिसचं म्हणाल, तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं. येताना नाव घेऊन आलं, बर्फ तिकडेच ठेवून आलं. पुण्यात टायरला खरी भीती खड्ड्याची आणि गणपतीआधी घाईघाईने टाकलेल्या खडीची, आणि त्यासाठीचं चिन्ह अजून जर्मनांनाही सुचलेलं नाही.

टायरच्या कडेवरचा मजकूर काका पत्रिकेसारखा वाचतात. १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्याच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम पंधरा इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, म्हणजे चारांवर २,२४०. त्यात त्यांनी गाडी, स्वतः, मेहुणे आणि आंब्याच्या सहा पेट्या बसवून पाहिल्या. काकूंचं वजन अंदाजे धरलं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर झेपणारा. कर्वे रस्त्यावर काका तिसऱ्या गिअरला जातात तो दिवस काकू लक्षात ठेवतात, पण 'एच'च्या खालचं अक्षर त्यांना चालत नाही.

कंपन्यांची घराणीही पाठ. एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला खेळण्यातल्या फुग्यांपासून झाली, "म्हणजे हवा कळते त्यांना." सिएट मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली, १९२४ची. जपानी टायर घ्या असं कुणी म्हणालं, की काका समजुतीने हसतात : "ब्रिजस्टोन ना? चाकणला बनतो. बस जाते." माझं मत विचाराल तर यातल्या कशानेही टायर एक किलोमीटर जास्त चालत नाही. पण दुकानदाराला ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक आहे, यातला आनंद काकांना पहिल्या पावसातल्या भज्यांहून मोठा.

पाच महिने अभ्यास झाला आणि सरकारनेच त्यांची लाज राखली. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, तोही पितृपक्ष संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन घटस्थापनेला. "म्हणून थांबलो होतो," काका म्हणाले. पाडव्याला ही बातमी अर्थमंत्र्यांना तरी होती की नाही कोण जाणे.

दुकानात टायर बाहेर आले. काकांनी टॉर्च काढला. कडेवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

"३९२४. वर्षाचा झाला की हा."

"काका, गोडाउनमध्ये झाकून ठेवलेला. काही होत नाही."

"२०२४चा ३९वा आठवडा म्हणजे सप्टेंबरची अखेर. भर पितृपक्षात बनलाय."

"तुम्ही मानता?"

"मी नाही मानत. पण किंमत ठरवताना दोन्ही बाजू बघाव्यात."

अशी घासाघीस पाऊण तास चालली. टायरपेक्षा दुकानदारच जास्त घासला. शेवटी ताज्या आठवड्यांचे चार आले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग फुकट ठरलं, जुन्यांचे पैसे वळते झाले. पोऱ्याने विचारलं, "नायट्रोजन भरू? चाकाला तीस रुपये."

"हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. वरच्या बावीस टक्क्यांचे काय होतात ते सांग."

पोऱ्याने साधी हवा भरली. ३३चा काटा काकांनी स्वतः पाहिला.

परत येताना चांदणी चौकाच्या अलीकडे मी सहज विचारलं, "काका, स्टेपनी?"

"ती कोरी आहे. एकदाही रस्त्याला लागलेली नाही."

पार्किंगमध्ये मी डिकी उघडायला लावली. चटई, दोन छत्र्या आणि लोणच्याची रिकामी बरणी बाजूला केली. स्टेपनी अंगठ्याने दाबली तर दबली. टॉर्च काकांनीच धरला होता. कडेवर आकडे होते २७१६.