मातकट गुडघ्याचा हिशेब

प्रति,
श्री. एम. डोनाल्ड ग्रँट,
माजी अध्यक्ष, न्यूयॉर्क मेट्स बेसबॉल क्लब,
मु. पो. परलोक.

विषय : टॉम सीव्हर यांस क्लबातून घालवल्याबद्दल, उशिरा का होईना, अभिनंदन.

महोदय,

१५ जून १९७७ च्या रात्री आपण सीव्हरला सिनसिनाटी रेड्सच्या हवाली केलेत आणि मोबदल्यात पॅट झॅक्री, डग फ्लिन, स्टीव्ह हेंडरसन, डॅन नॉर्मन असे चौघे पदरात पाडून घेतलेत. एक देऊन चार घेतले; शेअरबाजारात मुरलेल्या माणसाला शोभेल असाच सौदा. चौघेही काही कच्चे लिंबू नव्हते. झॅक्री आदल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताच्या किताबाचा वाटेकरी होता. भाबडे प्रेक्षक मात्र भलतेच काहीतरी पाहत बसतात. सीव्हर पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. चेंडू टाकताना तो इतका खाली जाई, की त्याचा उजवा गुडघा मातीला घासून निघे. पँटवरचा तो मातकट डाग ही त्याची ओळख होऊन बसली होती. आपल्या ताळेबंदात डागाला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही त्याला किंमत नाही, हा आपला सिद्धान्त. हे अभिनंदन त्या सिद्धान्ताचे आहे.

आपले वकील म्हणतील, जायचे तर त्यालाच होते. बरोबर, त्यानेच मागणी केली. पण खेळाडूंचा खुला बाजार १९७६ च्या अखेरीस सुरू झाला आणि पगार कुठल्या कुठे गेले. सीव्हरचा करार त्याआधीचा. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा मिळवणाऱ्याने नव्या भावाची गोष्ट काढली, तर तो हावरट ठरला. मग डिक यंग या स्तंभलेखकाने त्याच्या बायकोलाही वादात ओढले : म्हणे, नोलन रायनचा पगार जास्त, म्हणून हिला सलते. हा रायन म्हणजे १९७१ साली मेट्सनेच जिम फ्रेगोसीच्या बदल्यात देऊन टाकलेला पिचर, तेव्हा फायद्याच्या सौद्यांचा आपल्या क्लबाला सरावच होता म्हणायचा. घरात राहणे नकोसे करायचे आणि पाहुणा आपण होऊन उठला असे सांगायचे, ही रीत जुनीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : लोक क्लबावर प्रेम करतात, एका माणसावर नव्हे, संघ जिंकला की गर्दी आपोआप परतते. तर आकडेच पाहू, कारण आकडे आपल्या आवडीचे. १९६२ साली, जन्माच्या पहिल्याच वर्षी, मेट्स १२० सामने हरले, तरी सव्वानऊ लाख लोक आले. १९७९ साली संघ ९९ सामने हरला, म्हणजे तुलनेने बराच सुधारलेला, आणि प्रेक्षक आठ लाखही भरले नाहीत. पराभव कमी झाले आणि माणसेही कमी झाली, हे कोडे नुसत्या जय-पराजयाने सुटत नाही. त्याचे उत्तर क्लबाच्या जन्मकथेत आहे. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही क्लब न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले होते. एकाचा निळा आणि दुसऱ्याचा नारिंगी रंग घेऊन मेट्स उभे राहिले. एकदा टाकून दिलेल्या प्रेक्षकांना या क्लबाने ‘आम्ही तुमचे’ एवढाच माल विकला होता. तो होता तोवर १२० पराभव खपले. सीव्हरच्या सौद्याने तोच माल बनावट निघाला.

गर्दी आधीपासूनच ओसरत होती, हेही कबूल. १९७० मध्ये सुमारे २७ लाख, १९७६ मध्ये पंधरा लाखांच्या आत. पण घर गळू लागले म्हणून कोणी आढे विकत नाही. आणि लोकांना बेसबॉलचाच वीट आला होता म्हणावे, तर २१ ऑगस्ट १९७७ चे काय? त्या दिवशी सीव्हर रेड्सच्या गणवेशात मेट्सच्या शे स्टेडियमवर उतरला. ४६ हजारांवर माणसे आली आणि त्यांनी प्रतिस्पर्धी पिचरचा जयजयकार केला. सामना त्यानेच ५-१ ने जिंकला. आपल्याच मैदानावर, आपल्याच तिकिटांवर लोकांनी आपल्याविरुद्ध मतदान केले. गल्ला मात्र आपल्याच खात्यात जमा झाला, एवढे समाधान मानावे.

व्यापारात भावना नको, हे तत्त्व वाईट नाही. प्रत्येक लाडक्या खेळाडूला म्हातारपणापर्यंत पोसणारा क्लब बुडेल, आणि सगळेच सौदे पाप नसतात. पण जिथे विकायचा माल म्हणजेच भावना, तिथे ती हिशेबातून वगळणे हा व्यवहार नव्हे, हिशेबातली चूक आहे. आपल्यालाही १९७८ च्या हंगामानंतर खुर्ची सोडावी लागली. सीव्हर ३११ विजय नोंदवून निवृत्त झाला, आणि २०२२ साली मेट्सने स्वतःच्या दारात त्याचा पुतळा उभारला : खाली झुकलेला, उजवा गुडघा जमिनीलगत. ज्या गोष्टीला रकाना नव्हता, ती क्लबाला अखेर धातूत ओतून घ्यावी लागली. तो खर्च कोणत्या खाती टाकायचा, एवढे मात्र उलटटपाली कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक बेहिशेबी प्रेक्षक