बटण वेगळं निघालं

आमच्याकडे पाहुण्यांना निरोप तीन हप्त्यांत दिला जातो. पहिला सोफ्यावर, दुसरा दारात आणि तिसरा लिफ्टचं जाळीचं दार धरून, वरच्या मजल्यावरचे लोक खाली ओरडेपर्यंत. एचटीएमएल मला कायम याच घराण्यातलं वाटत आलंय. ज्याला आत घेतलं त्याला रीतसर बाहेर सोडायचं. डिव्ह उघडला की डिव्ह बंद, फॉर्म उघडला की फॉर्म बंद. पानाच्या तळाशी नुसत्या बंद होणाऱ्या डिव्हांची रांग लागते आणि त्यातला कुठला कोणाचा, हे लग्नाच्या हॉलबाहेरच्या चपलांइतकंच समजतं.

बारा वर्षं हे निरोपसमारंभ केल्यावर मी पगच्या प्रेमात पडलो.

हा पग म्हणजे एचटीएमएल थोडक्यात लिहायची एक पद्धत. बोधचिन्हावर मात्र त्याच नावाचं, चपट्या नाकाचं कुत्रं आहे. पगचं माहेरचं नाव जेड. पण ते दुसऱ्याच कोणाचं तरी नोंदलेलं ट्रेडमार्क निघालं, म्हणून २०१६ मध्ये बदलावं लागलं. जुनी माणसं अजून माहेरच्या नावानंच हाक मारतात. पगमध्ये कोनी कंस नाहीत आणि निरोप तर नाहीच नाही. कोण कोणाच्या पोटात, हे फक्त समास सांगतो. चार स्पेस आत सरकलात तर तुम्ही वरच्याचं लेकरू, त्याच्याच रेषेत उभे राहिलात तर भाऊ. वंशावळच म्हणा ना!

तेव्हा मी पैसे भरण्याच्या फॉर्मच्या टेस्ट लिहीत होतो. आमचा कंपोनंट म्हणजे फॉर्मला चिकटणारी एक छोटी स्क्रिप्ट. ‘पैसे भरा’ एकदा दाबलं की तिनं बटण बंद करायचं, कारण आपल्याकडे लिफ्टचं बटणसुद्धा कोणी एकदाच दाबत नाही. प्रत्येक टेस्टसाठी एक लुटुपुटूचं पान उभं करावं लागतं आणि ते एचटीएमएलमध्ये लिहिलं की टेस्टपेक्षा पानच लांबतं. मी ठरवलं, ही पानं पगमध्ये लिहायची. टीम लीडना विचारलं. ते म्हणाले, “कर, पण डॉक्युमेंट कर.” याचा अर्थ, मला दाखवू नकोस.

पहिल्याच दिवशी कळलं, की पगला एका फाइलमध्ये टॅब आणि स्पेस एकत्र चालत नाहीत. माझ्या घरी स्पेस, शेजारच्या खुर्चीवर टॅब. सोवळ्याओवळ्याची इतकी कडक अंमलबजावणी मी आजीच्या स्वयंपाकघरानंतर थेट इथेच पाहिली. दुसऱ्या दिवशी एकाखाली एक लिहिलेले दोन स्पॅन बाहेर येताना गळ्यात गळे घालून आले. पानावर ‘एकूणरुपये’, आणि टेस्ट आपली ‘एकूण रुपये’ शोधत बसलेली. मधली मोकळी जागा पग स्वतःहून देत नाही, मागून घ्यावी लागते. त्यात एक दुपार गेली.

पण खरी गंमत पुढे आहे. देवनागरीत लिहून दाखवतो. मला हवं होतं ते असं:

फॉर्म
    इनपुट
    बटण पैसे भरा

आणि कुठल्याशा कॉपी-पेस्टमध्ये झालं ते असं:

फॉर्म
    इनपुट
बटण पैसे भरा

एचटीएमएलमध्ये ही चूक करायला निदान मेहनत लागली असती. इथे बॅकस्पेस जरा जास्त दाबला गेला आणि बटण वेगळं निघालं. काल फॉर्मचा मुलगा, आज सख्खा भाऊ! पगची तक्रार नाही. त्याच्या दृष्टीनं ही वंशावळही तितकीच खानदानी.

टेस्ट काय करायची? बटण दोनदा दाबायची आणि बघायची, की फॉर्म एकापेक्षा जास्त वेळा गेला नाही ना. नाही गेला. हिरवी खूण. फॉर्मबाहेरचं बटण कितीही दाबा, फॉर्म ढिम्म हलत नाही. पैसे दोनदा जात नव्हते हे शंभर टक्के खरं. ते एकदाही जात नव्हते. आणि शून्य हे एकापेक्षा जास्त नाही, एवढं गणित माझ्या टेस्टला उत्तम येत होतं. तीन आठवडे ती हिरवीगार होती. मी टीमला पगचे फायदे सांगणारं एक सादरीकरणही देऊन टाकलं, त्यात उदाहरण म्हणून हीच टेस्ट.

आमच्याकडे एक टेस्टर आहेत, त्यांना सगळे ताई म्हणतात. सादरीकरण त्यांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्या खुर्चीशी आल्या. “तुमची ती बटण बंद करणारी ओळ कुठंय?” मी दाखवली. त्यांनी ती कमेंट केली. “आता चालवा टेस्ट.”

हिरवी.

“कंपोनंट मेला तरी नाडी लागतेय हो,” ताई म्हणाल्या.

मग आम्ही पगमधून बाहेर पडलेलं एचटीएमएल छापून पाहिलं. फॉर्मचा बंद होणारा टॅग, ज्याचा मला बारा वर्षं वैताग होता, तो बटणाच्या आधीच उभा होता. बटण चार स्पेस आत घेतलं. ‘एकापेक्षा जास्त नको’ खोडून ‘बरोबर एकदा’ लिहिलं. टेस्ट चालवली आणि ती लालभडक झाली. लाल रंग बघून इतका आनंद मला लग्नातल्या शालूनंही झाला नव्हता. मी टाळी द्यायला हात पुढे केला, कोड वर ढकलायला दुसरा.

“टाळी नंतर,” ताई म्हणाल्या, “आधी त्या ओळीवरची कमेंट काढा.”