दहा फॅटचं हरीण

आम्हा जामखेडकरांची हरणाची कल्पना शेजारच्या कर्जत तालुक्यात, रेहेकुरीत ठरलेली आहे. 1980 साली झालेलं, सव्वादोन चौरस किलोमीटरही न भरणारं ते अभयारण्य, आणि त्यात पस्तीस-चाळीस किलोंचं, पिळाच्या शिंगांचं काळवीट. हरीण म्हणजे एवढंच. ते दिसलं न दिसलं तोच पसार व्हायला हवं, ही त्याच्याकडून आमची माफक अपेक्षा.

भाचा शिकायला कॅनडात न्यूफाउंडलंडला गेला आणि त्यानं तिथल्या हरणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. मूस. खांद्यापाशीच माणसाएवढा उंच, वजनाला पाचशे किलोंच्या आसपास, वरचा ओठ लोंबलेला, गळ्याखाली केसाळ पिशवी. पसार होण्याचा त्याचा काही विचार दिसत नव्हता. तो भाच्याच्या गाडीपुढे रस्ता अडवून उभा होता. आत्यानं लगेच विचारलं, "बाळा, जेवतोस ना वेळेवर?" अण्णांनी मात्र फोटो मोठा करून खुरापासून शिंगापर्यंत पाहिला. बाजारात अण्णा जनावर असंच पाहतात, घ्यायचं नसलं तरी.

नावावर ते फार अडले नाहीत. मराठीत मूस असते सोनाराची, म्हणून दोन दिवस ते 'ती मूस' म्हणाले, इतकंच. गूसचं अनेकवचन गीस, पण मूसचं मूसच, हा अपवाद इंग्रजीचे मास्तर मुलांकडून घोकून घेतात. अण्णांना त्यात घोकण्यासारखं काही दिसेना. एक बैल, दोन बैल. दावणीला जनावरं वाढली म्हणून त्यांची नावं कशाला बदलायची? तसा मूस हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाहीच. अमेरिकेतल्या अल्गाँकियन भाषांतून तो उचललेला. उसन्या बैलाला घरचं वळण कुठून लागणार?

न्यूफाउंडलंडमध्ये तर जनावरही बाहेरचं. 1904 साली न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून सोडले, आज ते लाखाच्या वर गेलेत. "चाराचं लाख आपल्याकडं फक्त सावकाराचं व्याज करतं," अण्णा म्हणाले.

मग चाऱ्याचा विषय निघाला. आमच्या तालुक्यात तो निघतोच. 2019च्या दुष्काळात छावणीत मोठ्या जनावराला दिवसाला 100 रुपये आणि लहानाला 50 रुपये अनुदान होतं. कानातला बिल्ला स्कॅन झाला तरच जनावर हजर. मूसला उन्हाळ्यात दिवसाला वीस-पंचवीस किलो पाला लागतो. त्यातही पाण्याखालच्या वनस्पती लाडक्या, त्यासाठी तो तळ्यात बुडी मारतो. आमच्या तळ्यात मे महिन्यात बुडी मारली तर टाळकंच फुटेल. त्याच्यासाठी तिसरा गट काढावा लागेल, आणि त्याचा जीआर निघेपर्यंत पाऊस येऊन छावणी उठलेली असेल.

शिंगांनी मात्र अण्णा अस्वस्थ झाले. नराची ती पसरट, वावभर शिंगं दरवर्षी गळून पडतात, हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : "मग पोळ्याला रंगवायचं काय?" मी वाचून सांगितलं, गळतात ती हिवाळ्यात. ऐन पोळ्याच्या सुमारास ती पूर्ण वाढून वरची मखमल सोलून निघत असते, म्हणजे रंग द्यायला तयारच. अण्णांचा चेहरा खुलला. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगावर मागण्या लिहितात; जागेअभावी 'कांद्याला भाव द्या' एवढ्यावरच भागवावं लागतं. इथे तर अख्खं निवेदन बसेल, खाली सह्यांसकट.

उन्हाळ्यात पारा 14 अंशांपुढे गेला की मूसला उष्णतेचा त्रास सुरू होतो, हे मी हळूच सांगून पाहिलं. 14 अंशांना आम्ही कानटोप्या घालून शेकोटीला बसतो. विषय संपेल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात भाच्यानं गटावर नवी माहिती टाकली : स्वीडनमध्ये ब्यूर्होल्मला लोक मूस पाळतात आणि त्यांच्या दुधाचं चीज करतात. जगातल्या महागड्या चीजांपैकी एक. दुधाला फॅट दहाच्या घरात.

अण्णांचा चष्मा कपाळावर गेला. संकलन केंद्रावर साडेतीनला पॉइंटभर फॅट कमी लागली की त्यांची सकाळ वाया जाते.

"दहा?"

"दहा."

"एचएफ गाय आली तव्हा बी लोकं म्हणायची, थंड मुलखातलं जनावर हाय, टिकायचं न्हाई. आता बघ, गोठ्यागोठ्यात पंखा अन् फॉगर हाय." त्यांनी आवाज खाली आणला. गटावर शेजारचेही होते. "पोराला फोन लाव. म्हणावं, रेतनाची कांडी मिळती का तिकडं?"