यादीवाले भाऊ

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी भाषकांमध्ये, विशेषतः आदिलाबाद शहर, जैनथ आणि बेला या पेनगंगेलगतच्या पट्ट्यात, एक सामाजिक प्रकार आढळतो, ज्याला सोयीसाठी ‘यादीवाले भाऊ’ म्हणता येईल. हे भाऊ दुकानदार नसतात, कारण विकण्यासारखे त्यांच्याजवळ काही नसते. ते अभियंते नसतात, कारण अभियंत्याला काम संपवण्याची घाई असते. आणि त्यांना हौशी म्हणणेही योग्य नव्हे, कारण हौस कधीतरी फिटते आणि यांची फिटत नाही. उदरनिर्वाहासाठी ते शाळेत गणित शिकवतात, बँकेत कॅश सांभाळतात किंवा जिनिंगमध्ये हिशेब लिहितात. परंतु त्यांचे खरे जीवितकार्य म्हणजे दुसऱ्याच्या नव्या डेस्कटॉप संगणकासाठी सुटे भाग निवडून देणे, आणि त्याचे मानधन म्हणजे चहा, जो बहुधा त्यांच्याच घरचा असतो.

या प्रकाराच्या उत्पत्तीचे एक कारण जागतिक आणि दुसरे पूर्णपणे स्थानिक आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणताना प्रोसेसर इंटेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली व रचनेचा तांत्रिक तपशीलही प्रसिद्ध केला, ज्यामुळे एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या भागाशी जोडण्याची वाट मोकळी झाली आणि ‘असेंबल’ संगणकाचा बाजार उभा राहिला. स्थानिक कारण मात्र कापसात आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि बाराच्या वर माल नाकारला जातो. ज्या घरातील वडीलधाऱ्यांनी मार्केट यार्डात गाडीवर उभे राहून मीटरच्या एका टक्क्यासाठी अर्धा दिवस हुज्जत घातली, त्या घरातील मुलगा डब्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवील, ही अपेक्षाच अशास्त्रीय होय.

भाऊंकडे येणारे गरजू साधारणतः चार वर्गांत मोडतात: लग्नपत्रिका मराठीत आणि तेलुगूत छापून देणारा डीटीपीवाला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा फोटो स्टुडिओवाला, सरकारी सेवांचे मी-सेवा केंद्र चालवणारा होतकरू तरुण आणि नुकताच इंजिनिअरिंगला लागलेला भाचा, ज्याला ‘प्रोजेक्टसाठी’ भारी ग्राफिक कार्ड हवे असते. संवादाची सुरुवात ठरलेली असते. ‘भाऊ, एक कॉम्प्युटर घ्याचा होता,’ असे समोरचा म्हणतो, ‘बजेट?’ असे भाऊ विचारतात; ‘चाळीसपर्यंत बसवून द्या नं,’ असे उत्तर येते, आणि भाऊ हलकेच हसतात. चाळीस हजारांत संगणक बसत नाही असे त्या हसण्यातून सुचवायचे नसते. चाळीस हजारांत चर्चा बसत नाही, एवढेच सुचवायचे असते.

यादीचा आरंभ प्रोसेसरपासून, म्हणजे सर्व गणन करणाऱ्या मुख्य चिपपासून होतो. प्रोसेसर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि हे सॉकेट मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग एकमेकांस जोडणाऱ्या पाटीवर असते. परंतु प्रत्येक सॉकेटात प्रत्येक प्रोसेसर बसत नसल्यामुळे एक भाग बदलला की पुढची सगळी ओळ हलते. एएमडी कंपनीचे २०२२ साली आलेले एएम-५ सॉकेट निवडले, तर त्यावर केवळ डीडीआर-५ प्रकारची रॅम चालते, आणि जुन्या संगणकातली डीडीआर-४ रॅम खाच वेगळ्या जागी असल्यामुळे त्यात शिरतच नाही. त्यामुळे दोन हजार वाचवण्यासाठी केलेल्या बदलातून सात हजारांचा खर्च उद्भवतो, तो भरून काढण्यासाठी मॉनिटर लहान केला जातो, आणि मॉनिटर लहान झाला तर एवढ्या ताकदीचा प्रोसेसर कशाला, असा प्रश्न निर्माण होऊन यादी पुन्हा पहिल्या ओळीवर येते. हिशेबाच्या वहीतून फाडलेल्या आडव्या रेघांच्या त्या कागदावर चौथ्या दिवसापर्यंत इतकी खाडाखोड झालेली असते, की मूळ बजेटचा आकडा शोधून काढावा लागतो.

अशा वेळी दुकानदाराने स्वस्तातला पर्याय सुचवला, तर भाऊंच्या विद्वत्तेला धार चढते. नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र पाठवण्याची अंगभूत सोय नसते. वेगळे ग्राफिक कार्ड न घेता तो बसवल्यास पंखा फिरतो, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. हे एक अक्षर हेरून भाऊंनी किती संसारांची लाज राखली असेल, याची नोंद कोठेही होत नाही.

त्यांची अढळ निष्ठा मात्र एसएमपीएसवर असते. भिंतीतून येणारी वीज संगणकाच्या भागांना मानवेल अशा कमी दाबाच्या विजेत रूपांतरित करणारा हा धातूचा डबा ग्राहकाच्या लेखी शेवटी, उरलेल्या पैशांत घ्यायची वस्तू असते, तर भाऊंच्या मते तीच पहिली. विजेचा ऐंशी टक्के किंवा अधिक भाग उपयोगात आणणाऱ्या डब्यांना ‘८० प्लस’ प्रमाणपत्र देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली, हे ते सांगतात. पण प्रमाणपत्रावरही न थांबता डबा तळहातावर घेतात, डोळे किंचित मिटून दोनदा वरखाली करतात, जाळीतून आतल्या कॉइलकडे मोबाइलचा टॉर्च मारून पाहतात आणि ‘हलका आहे’ एवढेच म्हणून परत ठेवतात. कापसाचा पुंजका बोटांत धरून धागा ओढून पाहणाऱ्या अडत्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर असतो, आणि दुकानदार तो भाव ओळखून असल्याने दुसरा डबा काढतो.

खरेदी कोठून करावी, या प्रश्नावर भाऊंमध्ये दोन संप्रदाय आहेत. राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबादवरून जात असल्याने उत्तरेस नागपूर सुमारे दोनशे आणि दक्षिणेस हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटरवर पडते. नागपूरपंथी भाऊंचा आधार सीताबर्डी असतो, जिथे भाव मराठीत करता येतो आणि मावशीकडे मुक्कामही होतो. हैदराबादपंथी भाऊ सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरचे नाव घेतात, जिथे माल अधिक आणि दुकाने इतकी, की एका मजल्यावरचा भाव दुसऱ्या मजल्यावर सांगून पाडता येतो. समन्वयवादी भाऊ दोन्हीकडून घेतात. म्हणजे कॅबिनेट आणि मॉनिटर नागपूरहून येतात, मदरबोर्ड आणि प्रोसेसर सिकंदराबादहून रेल्वेने, कोणाच्या तरी मेहुण्याच्या मांडीवर बसून येतात, आणि पुढे बिघाड झाल्यास वॉरंटीसाठी नेमके कोणत्या दिशेने निघावे, हा विषय नव्या चर्चासत्रास पुरतो. ‘पक्कं बिल घेतलं का?’ हा त्यांचा प्रश्न म्हणूनच प्रश्न नसून इशारा असतो.

हवामानाचा अभ्यास हा भाऊंचा पूरक विषय होय. मे महिन्यात आदिलाबादचे तापमान ४४-४५ अंशांवर जाते, आणि पंखा कितीही मोठा लावला तरी तो खोलीतलीच हवा आत ढकलणार असल्यामुळे कॅबिनेटच्या आतले तापमान खोलीच्या तापमानाहून खाली येऊ शकत नाही. त्यात जिनिंगच्या हंगामात हवेतून उडणारी कापसाची तूस जाळीवर बसून पंख्याचा श्वास कोंडते. परदेशी जाणकार पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटची शिफारस करतात तेव्हा त्यांनी सरकीचा ढीग पाहिलेला नसतो, हे भाऊंचे मत शास्त्रशुद्ध आहे; तरीही भाचा दिवेवालेच कॅबिनेट घेतो.

एवढा व्यासंग असलेल्या भाऊंच्या स्वतःच्या टेबलावरील संगणक पाहून नवख्या अभ्यासकाचा गोंधळ उडतो. त्याची एक बाजू कायमची उघडी असते, शेजारी टेबलफॅन असतो आणि संगणक सुरू होईपर्यंत कढईत पोहे तयार होतात. नवा का घेतला नाही, याची कारणे मात्र सप्रमाण मिळतात. २०१७ आणि २०२१ च्या सुमारास आभासी चलन मिळवण्यासाठी जगभर ग्राफिक कार्डे उचलली गेल्याने भाव चढले होते, म्हणून ते थांबले. त्यानंतर नवे सॉकेट येणार होते, म्हणून थांबले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिप वळल्याने रॅम महागली, म्हणून आता थांबणे ओघानेच आले. खरे कारण असे, की खरेदी झाली की निवड संपते, आणि निवड संपलेल्या भाऊंना समाजात स्थान नाही.

या शास्त्राचा शेवट बहुधा एकाच प्रकारे होतो. तीन आठवडे यादी घडल्यानंतर डीटीपीवाला सणाच्या ऑफरमध्ये हप्त्यावर लॅपटॉप घेतो, दहा दिवस भाऊंच्या गल्लीतून जाणे टाळतो आणि अकराव्या दिवशी बसस्टँडवर समोरासमोर सापडतो. तो ओशाळून काही सांगू लागतो. परंतु भाऊंच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नसतो. ते मॉडेलचे नाव विचारतात, खिशातून पेन काढतात आणि म्हणतात, ‘असू दे. त्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा असंल. कोणती बसते ते पाहून सांगतो.’