मामांचा आभाळी दगड

नगर जिल्ह्यात काळा दगड सापडला, ही काही बातमी नव्हे. विहीर खणा, ताल घाला, घराचा पाया काढा, तोच वर येतो. तरीही पारनेरकडचे माझे मामा नांगरटीत लागलेला एक धोंडा गोणपाटात गुंडाळून, एसटीत खिडकीची जागा देऊन घेऊन आले. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट काढायची तयारी दाखवली होती म्हणे.

"भाच्या, ह्यो आभाळातनं पडलाय."

मामांना दोष देता येत नाही. काळ्या शिळेला आमच्याकडे मान मोठा. नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरची शिळा पुरात वाहत आली, काठी टोचताच तिच्यातून रक्त आलं, अशी कथा घरोघरी सांगतात. त्यात मोबाइलवर कुणीतरी कळवलेलं, की उल्का सोन्याहून महाग जाते. श्रद्धा आणि बाजारभाव एकाच धोंड्यावर येऊन बसले, की माणसाला झोप कशी लागणार?

पहिली कसोटी लोहचुंबकाची. बहुतेक उल्कांमध्ये लोखंड-निकेल असतं, त्यामुळे चुंबक ओढलं जातं. मामांनी जुन्या स्पीकरचं चुंबक सोबतच आणलं होतं. लावलं. ओढलं! मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू व्यवहार ठरला. पण आमचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्टही, मॅग्नेटाइट हे लोहखनिज बाळगून असतो, चांगल्या चुंबकाला तोही थोडा झुकतो. या एका कसोटीवर आमचा अख्खा तालुका आभाळातून पडलेला ठरेल.

"पण जड किती हाय, उचलून तर बघ!"

उचलला. साध्या दगडी उल्केची घनता साडेतीनच्या आसपास, बेसॉल्टची तीनला टेकलेली. नुसत्या हाताने हा फरक सांगायचा तर हात सोनाराचा हवा. माझी फक्त कंबर बोलली.

मग अंगावरचे खळगे. हवेतून जळत येताना उल्केच्या अंगावर, मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसे ठसे उमटतात. मामांच्या दगडावर दोन-तीन खळगे होते खरे. पण निघोजला कुकडी नदीने गोटे फिरवून फिरवून बेसॉल्टमध्ये माणूस उतरेल एवढे रांजणखळगे कोरलेत, आणि त्या नदीला कुणी अंतराळातली म्हटलेलं नाही.

राहिली वरची काळी चकाकी. उल्केवर जळून वितळलेला पातळ थर असतो, जेमतेम मिलिमीटरभराचा. मी आशेने बोट फिरवलं, तर बोटाला तेल लागलं. शनिवारी मामींनी वाहिलं होतं.

"मामा, एक कोपरा घासून पाहू. उल्का असेल तर आत चंदेरी कण चमकतील."

"देवाला कानस लावतो का रं कुणी?"

आभाळातून पडणं अशक्य आहे, असं मी म्हटलंच नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला खरोखर उल्का पडल्या. २ एप्रिल २०२२ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून चक्क धातूचं भलंमोठं कडं आलं. ते चिनी रॉकेटचं असावं असं जाणकार म्हणाले. म्हणजे आभाळातून पडलं म्हणून ती उल्काच, एवढाही भरवसा उरला नाही.

मामांनी फक्त काटोल ऐकलं. "मग त्या दगडांचं काय झालं?"

"भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक आले. देशातल्या उल्कांची राखण त्यांच्याकडे. कोलकात्यात मोठा संग्रह आहे."

"म्हंजी खरा निघाला तर सरकार नेणार, आन् खोटा निघाला तर मी एसटीनं परत नेणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याने काम झालं. मामांनी स्वतःच दगड पालथा घातला. तेल न पोचलेल्या त्या बाजूला बुडबुड्यांची भोकं होती, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. उल्केत अशी भोकं जवळजवळ नसतातच. लाव्हा थंड होताना वायू सुटतो, त्याची ही घरं.

"बेसॉल्ट आहे मामा. आपल्याच मातीतला. पण लहान समजू नका, सहा कोटी साठ लाख..."

"रुपये?"

"वर्षं."

मामा बराच वेळ गोणपाटाची गाठ मारत बसले.

"आकडा चांगला हाय," शेवटी ते म्हणाले. "आपण आकडाच सांगायचा. वर्षं का रुपये, ते गिऱ्हाईक चहा प्यायला बसल्यावर बघू."