साखळीला बांधलेला पेला

चौकात फुकट वायफायचा खांब उभा राहिला, त्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावरच्या काकांनी त्याच्याकडे एकदा खालून वर पाहिलं, कटिंगचा घोट घेतला आणि निकाल दिला, "महिना. फार तर दीड." वायरमन अजून शिडीवरच होता. वैद्याला निदानाआधी नाडी तरी बघावी लागते. काकांना तेवढीही गरज पडली नाही. अशा दूरदृष्टीची आपल्याकडे म्हणावी तशी कदर झालेली नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हे चार शब्द.

चारच, कारण काकांचं सगळं तत्त्वज्ञान चार शब्दांत मावतं : "आपल्याकडे हे टिकणार नाही." यातली खरी कारागिरी 'आपल्याकडे' या शब्दात आहे. त्यात सगळा देश येतो, फक्त बोलणारा येत नाही. काच फोडणारे ते, पिंक टाकणारे ते, वायर कापून भंगारात घालणारे ते. आपण काय, चहा पितो.

या विचाराचं सर्वांत जुनं स्मारक म्हणजे पाणपोईवरचा साखळीला बांधलेला पेला. तहानलेल्याला पाणी पाजण्याचं पुण्य आणि त्याला चोर समजण्याचा शहाणपणा, दोन्ही एका भांड्यात. साखळी अशी बेताची ठेवलेली असते, की पिणाऱ्याला वाकावंच लागतं. नम्रता आपोआप येते. बँकेतलं दोरी लावलेलं पेन याच घराण्यातलं. त्याची रिफील संपलेली असते, पण दोरी शाबूत असते. रेल्वेच्या संडासातला जेरबंद मग हाही भाऊबंदच. फुकट वायफायचा ओटीपी हा धाकटा नातू : आधी नंबर सांग, मग पाणी पी.

पुरावे हवेत? मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. सीटसमोर स्क्रीन, कानाला हेडफोन. पहिल्याच फेरीनंतर काही हेडफोन गायब आणि काही स्क्रीनवर ओरखडे असल्याच्या बातम्या आल्या. तो दिवस काकांनी सणासारखा साजरा केला. कट्ट्यावर सगळ्यांचा चहा त्यांच्याकडून. ज्यांनी हेडफोन जागेवर ठेवले, त्या बहुसंख्य प्रवाशांची बातमी कुठल्याच पेपरात नव्हती. ते योग्यच झालं. न चोरलेली वस्तू मोजायची कशी?

विरोधी पक्षाकडेही काही उदाहरणं आहेत, न्यायाला धरून तीही सांगतो. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजीत एका भिंतीला भोक पाडून त्यात कॉम्प्युटर बसवला. तोंड झोपडपट्टीकडे, शिकवणारा कोणी नाही, राखणदारही नाही. पोरं जमली, खटपट करत आपापली शिकली. काका म्हणाले, "पोरांना त्याची किंमत कळली नसेल, म्हणून वाचला."

मग जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं फुकट वायफाय आलं. जून २०१८ पर्यंत ते ४०० स्थानकांवर पोचलं. त्याच वर्षी एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाची गोष्ट छापून आली. डोक्यावर ओझं, कानात इअरफोन, आणि इअरफोनमध्ये स्थानकाच्या वायफायवरून घेतलेले धडे. केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा तो पास झाला होता. मी हे उत्साहाने वाचून दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "एका हमालावरून देशाची परीक्षा करायची नसते." देशाची परीक्षा हेडफोनवरून करायची असते, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

२०२० मध्ये गुगलने त्या योजनेतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं. मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला, की फुकटाची निकड उरली नाही, असं कारण दिलं. दगड नाही, चोर नाही. रेलटेलने स्थानकांवरची सेवा पुढे चालू ठेवली. पण "बंद पडलं ना?" एवढं विचारायला काकांना हे सगळं ठाऊक असायची गरज नव्हती.

त्यांची खरी पंचाईत केली न्यूयॉर्कने. तिथे २०१६ मध्ये जुन्या पेफोनच्या जागी वायफायचे खांब आले, पुढ्यात टॅब्लेटसकट. काही महिन्यांतच लोक तिथे तासन्‌तास ठाण मांडून बसू लागले, काही जण नको ते बघू लागले. काकांचे डोळे चमकले. "मग खांब उपटले असतील."

"नाही. टॅब्लेटवरचं ब्राउझिंग तेवढं बंद केलं. वायफाय चालू, फोनही चालू."

"म्हणजे, बिघडलं तेवढंच दुरुस्त केलं?"

"हो."

काकांनी बशी खाली ठेवली. "अमेरिकेचं काही खरं नाही," म्हणाले.

आता आमच्या खांबाविषयी. महिना गेला, दीड महिना गेला, खांब चालू. काका रोज सहाला येत, फुकट मिळणारी अर्ध्या तासाची रेंज पुरेपूर वापरून तोडफोडीचे व्हिडिओ बघत आणि आम्हालाही दाखवत. तिसऱ्या महिन्यात खांबावरचा दिवा विझला, वायफाय बंद. मी जवळ जाऊन पाहिलं : पेटीला कुलूप जागेवर, स्क्रू जागेवर, रंगावर एक ओरखडा नाही, पिंकसुद्धा नाही. एक मुलगा तक्रार करू या म्हणाला. काका म्हणाले, "करून काय होणार? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." आम्हा सर्वांना ते पहिल्या दिवसापासूनच माहीत असल्यामुळे तक्रार कोणीच केली नाही. एवढा सुसंस्कृत विध्वंस मी तरी पाहिला नव्हता. त्यात कोणाचा हात नव्हता, म्हणून कोणाला पकडायचाही प्रश्न नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात मंडळाने तिथेच पाणपोई घातली. दोन माठ, वर ओलं फडकं, एक स्टीलचा पेला. साखळी कशाला अडकवायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी काकाच उठले. खांबाला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, साखळीचे दोन वेढे दिले, कुलूप लावलं.

"इथेच असू दे," ते म्हणाले. "भक्कम आहे. वर्षानुवर्षं टिकेल."