पाच हजाराचा फोन आणि दीडशेची बॅटरी

कूलोम हे एकक बारावीच्या पेपराबाहेर कुणाला भेटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वॅट बल्बवर छापलेला असतो, व्होल्टेज ‘कमी येतंय’ म्हणून आपण त्याच्या नावानं खडे फोडतो. विद्युतप्रभार मोजणाऱ्या या फ्रेंच गृहस्थाला मात्र बाजारात पत नाही. सिल्वासात तर नाहीच. इथे प्रभार मागायचा तो एएचमध्ये, म्हणजे अँपिअर-तासांत, आणि तोही घासाघीस करून.

खरं तर या गावाला प्रभार नवा नाही. आसपासच्या कारखान्यांत पॉलिएस्टरचं सूत यंत्रावरून धावतं, घासलं जातं आणि स्टॅटिक गोळा करतं. मग तंतू भाऊबंदकीतल्या भावांसारखे एकमेकांपासून फटकून उभे राहतात. म्हणून सुताला तेल पाजायचं आणि हवा दमट ठेवायची. हा सगळा प्रताप मायक्रोकूलोमचा, म्हणजे कूलोमच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या हिशेबातला. पण आमच्या शेजारच्या काकांनी नोकरीभर त्याचे इतके चटके खाल्लेत, की निवृत्तीनंतरही ते लोखंडी कपाटाला आधी किल्ली टेकवतात, मग हात लावतात.

त्याच काकांच्या घरची इन्व्हर्टरची बॅटरी पावसाळ्याच्या तोंडावर गेली. काकूंनी मला दुकानात सोबत नेलं. कारण ‘तुझं सायन्स झालंय.’

“डेढ़ सौ एएच, ट्यूब्युलर,” दुकानदार म्हणाला.

काकूंनी पर्समधून मोबाईल काढून काउंटरवर ठेवला. “ये देखो भाई. इतनासा है, तरी इसमें पाँच हजार है. आणि ह्या एवढ्या धोंड्यात दीडशे?”

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. फोनवरचे ते मिलीवाले, मी सांगितलं, हजारानं भागायचं. म्हणजे फोन ५ आणि धोंडा १५०.

“मग सरळ ५ लिहायला काय होतं?”

काही होत नाही, फक्त फोन खपत नाही. उलट इन्व्हर्टरवाल्यांना अजून जाग आलेली नाही याचंच मला नवल वाटतं. एक अँपिअर प्रवाह सेकंदभर वाहिला की एक कूलोम; तासाचे सेकंद ३,६००; म्हणून १ एएचचे ३,६०० कूलोम. त्या हिशेबानं फोन १८,००० आणि दीडशेची बॅटरी ५,४०,००० कूलोमची! इलेक्ट्रॉन मोजायचे तर प्रत्येक कूलोममागे सहावर अठरा शून्यांहून जास्त. इतके आकडे खोक्यावर मावणार नाहीत, एवढीच अडचण.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खानवेलच्या डोंगरावर कडाडते त्या विजेतून साधारण १५-२० कूलोमच खाली येतात, हेही मी सांगितलं. काकूंनी मनातल्या मनात भागाकार केला आणि मोबाईल काउंटरवरून बोटभर लांब सरकवला.

घाबरायचं कारण नव्हतं. विजेमागे कोट्यवधी व्होल्ट असतात, फोनमागे पाचसुद्धा नाहीत. प्रभाराला व्होल्टनं गुणलं की ऊर्जा. बिलावरचं ‘युनिट’ ते हेच. दीडशे एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट.

“एवढे हजार मोजून दोन युनिटपण नाहीत?” काकू. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, की सायन्स झालेल्यांना दुकानात प्रवेशबंदीच करावी.

तर मुद्दा हा, की एएचचे कूलोम करायला ३,६०० पुरतात, पण एएचचे युनिट करायचे तर मध्ये व्होल्टला विचारावंच लागतं. न विचारता केलेल्या रूपांतराचं काय होतं, हे सिल्वासाला शिकवायला नको. १७७२ मध्ये मराठा आरमारानं पोर्तुगीजांच्या सांताना जहाजाचं नुकसान केलं. १७७९ च्या तहात भरपाई ठरली: नगर हवेलीतल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या गावांचा सालीना १२,००० रुपयांचा महसूल. जहाजाचे रुपये, रुपयांची गावं. इथवर पुणे दरबाराचं गणित चोख होतं. पुढची पायरी पोर्तुगीजांनी परस्पर केली. १७८३ मध्ये गावं हाती आली आणि कालांतरानं महसुलाचं थेट सार्वभौमत्व झालं. १७८५ मध्ये त्यांनी दादराही विकत घेतलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कूलोम आपला नियम मांडत होता, पण त्याचा सल्ला तेव्हाही कुणी घेतला नाही. इंग्रजांनी तर ते उत्तर न तपासताच बरोबरची खूण केली. मराठ्यांनी दिला होता तो फक्त महसूल, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६० मध्ये मान्य केलं. खुणेचे गुण मात्र कापले नाहीत. अर्थात तोवर २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त करून स्वयंसेवकांनी पाटीच पुसली होती.

इकडे काकूंचा तह अजून व्हायचा होता. दीडशे हा आकडा २० तास निवांत, साडेसात अँपिअरनं वापराल तरच खरा, घाई केली की घटतो, हे मी या वेळी शहाणपणानं गिळलं. जुन्या बॅटरीची किंमत ठरवायला दुकानदारानं ती उचलून वजनकाट्यावर ठेवली.

“घेताना एएच आणि देताना किलो?”

“बेन, एएच तो आपने वापर लिया. अब सिर्फ लेड बचा है.” आणि तो आतलं पाणी ओतून द्यायला वाकला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “पानी के साथ तोलो.”